बघण्याची ड्यूटी

"माझी जाहिरात दिसत नाहीये!" असं फोनवर कोणी ओरडलं की आमच्या ऑफिसातले बाकीचे सगळे खुर्चीत सावरून बसायचे आणि बाई शांतपणे विचारायच्या, "कोणाला?"

समोरचा माणूस आधी गडबडायचा. "कोणाला म्हणजे? मला!"

"तुम्ही तुमचे गिऱ्हाईक आहात का?"

हा टोमणा नसायचा. बाई खरोखरच उत्तराची वाट बघत थांबायच्या. बहुतेकांचा राग तेवढ्या वेळात निम्मा उतरायचा, आणि उरलेल्यांचा दुप्पट व्हायचा. दुसऱ्या प्रकारच्या लोकांना बाई म्हणायच्या, "मी येते तुमच्याकडे," आणि छत्री उचलून निघायच्या. छत्री बारा महिने हातात असे. ती पावसासाठी नसून कुत्र्यांसाठी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमचं ऑफिस डोंबिवली ईस्टला, एका फरसाणवाल्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. सहा माणसं आणि चार खिडक्या, त्यातली एकच उघडायची. लहानसहान धंदेवाल्यांच्या जाहिराती नेटवर लावणं हे आमचं काम. म्हणजे कोणी मोबाइलवर 'प्लंबर' असं शोधलं की आमच्या प्लंबरचं नाव सगळ्यांच्या वर यायला पाहिजे. सांगायला सोपं. पण ते नाव कधी येतं, कधी येत नाही, आणि का येत नाही याची कारणं इतकी असतात की त्यावर आमच्या मालकांनी एकच रामबाण औषध शोधून काढलं होतं. "बजेट बढाव," ते म्हणायचे. पोटदुखीलाही हेच आणि तापालाही हेच.

बाई साठीला टेकलेल्या होत्या. ठाण्याच्या एका साप्ताहिकात त्यांनी उभं आयुष्य छोट्या जाहिराती तपासण्यात घालवलं होतं. साप्ताहिक बंद पडल्यावर मालकांनी त्यांना मराठी मजकूर नीट करायला घेतलं. पुढे कधीतरी, कोणी न नेमता, न दिसणाऱ्या जाहिरातींच्या त्या डॉक्टरीण होऊन बसल्या. त्यांना नाव होतं, पण ते कोणी घेत नसे, म्हणून मीही घेत नाही. त्या मात्र सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. मी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, बावीस वर्षांची. पहिल्याच दिवशी "अहो, तुम्ही जेवलात का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी मागे कोण उभं आहे ते वळून बघितलं होतं.

त्यांच्या तऱ्हा पुष्कळ. फोन त्या पोळ्यांच्या चपट्या स्टीलच्या डब्यात पालथा ठेवायच्या. वर झाकण. कोणाचा फोन आला की डबा टेबलावर थरथरत सरकायला लागायचा आणि आमचं सगळ्यांचं लक्ष तिकडे जायचं, बाईंचं सोडून. हातातलं वाक्य पुरं करून मगच त्या झाकण उघडायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, बाहेर ठेवा ना फोन, कळेल तरी." तर म्हणाल्या, "आपण डोळे लावून बसलो म्हणून कोणाचा फोन लवकर येत नाही हो." ते वाक्य तेव्हा मी नुसतं ऐकून सोडून दिलं.

आणखी एक गंमत होती. सर्चमध्ये आपण सगळे तुटक दोन-तीन शब्द लिहितो. बाई अख्खं पत्र लिहायच्या. 'डोंबिवलीत रविवारी दाताचे डॉक्टर भेटतील का? कृपया सांगावे.' पूर्णविरामासकट. आम्ही पोरंपोरी त्यावरून त्यांची खूप टर उडवायचो. मालकसुद्धा म्हणाले, "बाई, मशीन आहे ते. उसको कृपया क्या समझेगा?"

"वाचणारं कोणी असलंच, तर त्याला बरं वाटेल," बाई म्हणाल्या.

आम्ही हसलो, पण एक कबूल केलं पाहिजे. माणसं मनात प्रश्न कसा विचारतात हे बाईंना आमच्यापेक्षा जास्त कळायचं, आणि त्यांनी लिहिलेल्या जाहिराती त्या प्रश्नाला उत्तर दिल्यासारख्या असायच्या.

त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. चार प्रश्न. कुठून बघितलंत? केव्हा बघितलंत? काय लिहून बघितलंत? किती वेळा बघितलंत? तक्रार आली की हे चार प्रश्न, ह्याच क्रमाने. क्लास चालवणारे एक सर होते, ईस्टचे. जाहिरात लावताना त्यांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं, "फक्त ईस्टमध्ये दाखवा. पूल ओलांडून पोरं येत नाहीत, वेस्टवाल्यांवर पैसे वाया नको." आम्ही तसं केलं. आठ दिवसांनी त्यांचा फोन. जाहिरात कुठेच नाही, फसवणूक आहे, बघून घेतो वगैरे. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "सर, आत्ता कुठे आहात आपण?"

"घरी आहे. का?"

"घर कुठे?"

पलीकडून आधी नुसतं खाकरणं आलं. मग, "वेस्टला," सर म्हणाले. बाईंनी फोन ठेवला, पण हसल्या नाहीत. आम्हीच पोट धरून हसलो.

चिठ्ठीतला चौथा प्रश्न मात्र मला उगाच वाटायचा. किती वेळा बघितलंत, याने काय फरक पडतो? ते मला ठाकुर्लीला कळलं.

ठाकुर्लीचे एक गृहस्थ होते, पंचेचाळिशीचे. इथल्याच एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत केमिस्ट होते. कंपनी बंद पडली. तेव्हा त्यांनी बिल्डिंगांच्या पाण्याच्या टाक्या साफ करून द्यायचा धंदा सुरू केला. नुसता खराटा मारणं नाही. टाकी धुवायची, क्लोरीनचं माप बेतायचं, आधीचं आणि नंतरचं पाणी तपासून कागद हातात द्यायचा. काम चोख, पण ते कळणार कोणाला? म्हणून आमच्याकडून जाहिरात लावली. पहिले चार दिवस ती दिसली आणि मग गायब झाली. फोन एकही नाही. गुजरातेत दहेजच्या एका कंपनीतून त्यांना नोकरीचं बोलावणं आलेलं होतं, आणि हो की नाही ते महिनाअखेरीपर्यंत कळवायचं होतं. महिना संपायला दहा दिवस राहिले होते. त्यांची बायको फोनवर रडकुंडीला आली होती. ओरडली असती तर बरं, असं मला वाटलं.

"बजेट बढाव," मालक म्हणाले.

"आधी दुखतंय कुठे ते बघू दे," बाई म्हणाल्या आणि छत्री उचलली. मला म्हणाल्या, "अहो, तुम्हीही चला."

डोंबिवलीहून ठाकुर्लीपर्यंत आम्ही चालत गेलो. रिक्षा त्यांना चालत नसे, कारण रिक्षातून पाट्या वाचता येत नाहीत. वाटेतली प्रत्येक पाटी त्या पुटपुटत वाचायच्या आणि चुकलेली वेलांटी दिसली की पायरी चुकल्यासारख्या थबकायच्या.

घर दोन खोल्यांचं. कपाटावर क्लोरीनचे डबे, दाराशी गमबूट. वहिनींनी चहा टाकला. बाईंनी प्रश्न सुरू केले. कुठून? घरूनच. केव्हा? सकाळ-संध्याकाळ. काय लिहून? 'टाकी सफाई डोंबिवली'. सगळं जिथल्या तिथे. मी आतल्या सेटिंगा दोनदा तपासून आलेले, त्यातही काही वाकडं नव्हतं.

"किती वेळा बघता?" बाईंनी विचारलं.

"मी दोनदाच," वहिनी म्हणाल्या. "बाकी ड्यूटीवाले बघतात."

"ड्यूटीवाले कोण?"

वहिनींनी व्हॉट्सॲपवरचा बिल्डिंगचा ग्रुप उघडून मोबाइल बाईंच्या हातात दिला. गणपतीच्या आरतीची लावावी तशी यादी होती. सकाळी ए विंग, संध्याकाळी बी विंग. रविवारी तळमजला. 'आपल्या माणसाची जाहिरात वर आहे की नाही हे प्रत्येक घराने पाहून ग्रुपवर कळवणे. महत्त्वाची सूचना: जाहिरातीवर कोणीही दाबू नये. दाबल्यास आपल्या माणसाचे पैसे जातात.' खाली सेक्रेटरींचं नाव. सेक्रेटरी म्हणजे तळमजल्यावरचे, पोस्टातून रिटायर झालेले एक आजोबा. पहिले चार दिवस उत्तरं होती, 'दिसली 👍', 'दिसली'. पाचव्या दिवसापासून 'नाही दिसली'. मग सेक्रेटरींची नवी सूचना: 'परिस्थिती गंभीर आहे. ड्यूटी दुप्पट करण्यात येत आहे.'

बाईंनी ते सगळं वाचलं. मग परत वरून वाचलं. त्यांचा चहा तसाच राहिला.

आता हे समजावून सांगायला पाहिजे. सर्चचं यंत्र कोणाच्या मनातलं बघत नाही. अमुक जाहिरात शंभर जणांना दाखवली आणि एकानेही तिच्यावर बोट ठेवलं नाही, तर ते समजतं की ही कोणाला नकोय. मग ते ती खाली ढकलतं, आणि शेवटी दाखवायचंच बंद करतं. इथे चाळीस घरं, रोज एकदा, पुढे दोनदा, डोळे भरून जाहिरात बघत होती आणि प्रेमापोटी हात लावत नव्हती. ज्याला टाकी खरंच साफ करून हवी होती अशा माणसापर्यंत ती पोचतच नव्हती. बिल्डिंगने आपल्या माणसाला बुडवलं होतं, तेही ड्यूटी लावून.

बाईंनी हे वहिनींना सांगितलं. वहिनींनी तोंडावर हात धरला. केमिस्ट भिंतीकडे बघत म्हणाले, "कोणाला बोलू नका हो बाई. त्यांनी चांगल्यासाठीच केलंय."

"बोलायला तर लागेल," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी वेगळंच विचारलं. "दहेजहून घरी कितीदा येता येईल?"

"महिन्यातून दोनदा म्हणतात."

"सुरुवातीला," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून मीटिंग झाली. बाई उभ्या राहिल्या आणि दहा मिनिटांत त्यांनी सगळं सांगितलं. कोणाला दोष दिला नाही. शेवटी म्हणाल्या, "आजपासून तुम्ही कोणीही बघायचं नाही. एकदाही नाही. सहजसुद्धा नाही. आमच्याकडे आतून तपासायची सोय आहे, तिच्यात बघितलेलं मोजलं जात नाही. ते आम्ही करू."

बी विंगमधल्या एक काकू डोळे पुसत होत्या. सेक्रेटरी आजोबा उभे राहिले. त्यांच्या हातात यादीचा कागद होता. "म्हणजे मॅडम, आम्ही याचं चांगलं चिंतायचंसुद्धा नाही का आता?"

"चिंता की," बाई म्हणाल्या. "फक्त बघू नका."

"न बघता कसं राहायचं हो?" आजोबा म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"राहता येतं," बाई म्हणाल्या. "जमतं हळूहळू."

परतताना त्या पाट्या वाचत नव्हत्या, हे माझ्या लक्षात आलं. स्टेशनचा पूल दिसायला लागल्यावर त्या आपणहून बोलल्या. "आमचे हे वापीला होते. बावीस वर्षं. शनिवारची पाळी संपवून निघायचे. सुरुवातीला दर शनिवारी, मग एकाआड एक, मग सणाला. मी गॅलरीत उभी राहून बघत बसायचे. बघून काय गाडी लवकर येते? पण बसायचे. रिटायर होऊन आले आणि वर्षभरात गेले."

बाई दर शनिवारी पाचच्या ठोक्याला ऑफिसातून निघायच्या. आभाळ कोसळलं तरी. घरी कोणी नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून आम्ही मागून हसायचोही कधीकधी. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं, असं अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी जुनी जाहिरात बंद करून नवी लिहिली. 'तुमच्या टाकीतलं पाणी शेवटचं कधी तपासलं? केमिस्ट स्वतः येऊन टाकी साफ करतील आणि पाण्याचा रिपोर्ट देतील.' आतून तपासायचं काम माझ्याकडे दिलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पहिले तीन दिवस नाही. चौथ्या दिवशी आली. मी ओरडलेच, "बाई, दिसतेय!" बाईंनी मान हलवली. फोन डब्यातच.

पण जाहिरात दिसणं वेगळं आणि फोन येणं वेगळं. पाच दिवस गेले, सहा गेले. सेक्रेटरी आजोबा रोज अकराला बाईंना फोन करून हजेरी द्यायचे, "मॅडम, कोणी बघत नाहीये. ग्रुपवर शपथा घेतल्यात सगळ्यांनी." आठव्या दिवशी मालक म्हणाले, "बाई, आपण प्रयत्न केला. जाऊ दे त्याला दहेजला, तिथे पगार तरी आहे." ते चुकीचं बोलत नव्हते, त्यामुळे जास्त राग आला. त्याच दुपारी केमिस्टांचा फोन आला. "बाई, त्यांना हो म्हणून कळवून टाकतो. बॅग भरायला घेतलीय."

"अखेरचा दिवस कधी आहे?"

"परवा."

"मग परवा कळवा," बाई म्हणाल्या. "दोन दिवसांनी बॅग जुनी होत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, डबा थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत आला. बाईंच्या हातात घास होता. त्यांनी तो तसाच खाली ठेवला आणि झाकण उघडलं. मी त्यांना वाक्य किंवा घास अर्धा टाकताना तेवढंच एकदा पाहिलं. वहिनी होत्या. वेस्टच्या एका सोसायटीतून फोन आला होता, दोन टाक्या, एक वरची आणि एक जमिनीखालची. त्यांना पुढे बोलता येईना, म्हणून त्यांनी फोन नवऱ्याकडे दिला, आणि त्यांनाही फारसं बोलता आलं नाही. संध्याकाळपर्यंत कल्याणच्या एका शाळेचा फोन आला. दहेजला नाही म्हणून कळवलं गेलं. पुढचं पुढे बघू, असं केमिस्ट म्हणाले. ठाकुर्लीहून आमच्या सगळ्या ऑफिसला घरचे लाडू आले. सेक्रेटरी आजोबांची चिठ्ठी होती: 'बघण्याची ड्यूटी कायमची रद्द.' बाईंनी ती घडी करून पर्समध्ये ठेवली.

दोनेक महिन्यांनी बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी भेटायला त्यांच्या घरी गेले. काळा चष्मा लावून गॅलरीतल्या खुर्चीत बसलेल्या. म्हणाल्या, "अहो, बरं झालं आलात. ह्या फोनमधली अक्षरं मोठी करून द्या. मला मुंग्या दिसतायत."

मी अक्षरं मोठी केली. बरोबर झाली का ते बघायला सर्चची पट्टी उघडली. तिच्यावर बोट ठेवल्याबरोबर खाली जुने शोध ओळीने उघडले.

'ठाकुर्लीत पाण्याची टाकी साफ करून देणारे कोणी आहे का? कृपया सांगावे.'

'डोंबिवलीत सोसायटीची टाकी कोण साफ करून देतं? कृपया सांगावे.'

'कल्याणात टाकीतल्या पाण्याची तपासणी कोण करून देईल? कृपया.'

असे कितीतरी. दर वेळी वेगळं वाक्य. सगळं पूर्णविरामासकट.

मी वर बघितलं. काळ्या चष्म्यातून बाई कुठे बघत होत्या ते कळत नव्हतं. "झाली का मोठी?" त्यांनी विचारलं.

"झाली," मी म्हटलं. "बाई, तुम्हीसुद्धा? अहो, मी आतून रोज बघत होते की. दिसत होती, सांगत होते तुम्हाला."

बाईंनी फोन घ्यायला हात पुढे केला, आणि तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला.

"चाळीस घरांना मी बघू नका म्हणून सांगून आले," त्या म्हणाल्या. "मग कोणीतरी बघायला नको का हो?"

मी अक्षरं अजून एक घर मोठी केली आणि फोन त्यांच्या हातात दिला. शनिवार होता. पाच वाजून गेले होते. त्या खुर्ची वळवून रस्त्याकडे तोंड करून बसल्या, आणि मीही निघायची घाई केली नाही.